आज शाळेत पाठवायचं की नाही?

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तव्यावर पोळी, ओट्यावर उघडा डबा, आणि मूल अंथरुणातून उठायला तयार नसतं. आई कपाळाला हात लावून पाहते. अंग किंचित कोमट लागतं. रात्री नाक वाहत होतं, जेवणही नीट झालं नव्हतं. पण वडिलांची पहिली पाळी असते, आईची लोकल ठरलेली असते आणि शाळेत आज घटक चाचणी असते. थर्मामीटर शोधायला वेळ नसतो. मग कपाटातली पॅरासिटामॉलची बाटली निघते, मोजमाप न पाहता एक चमचा औषध पोटात जातं आणि मूल रिक्षात बसतं. साडेदहा-अकराच्या सुमारास औषधाचा अंमल उतरतो, मूल बाकावर डोकं टेकवतं आणि वर्गशिक्षिका घरी फोन लावतात. तोवर चार तास झालेले असतात. शेजारी बसलेलं, पाण्याची बाटली वाटून घेतलेलं, मधल्या सुटीत एका डब्यात जेवलेलं प्रत्येक मूल त्या चार तासांत त्या विषाणूच्या संपर्कात आलेलं असतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पावसाबरोबर हा प्रसंग घरोघरी घडू लागतो. पालकांचा यात निष्काळजीपणा असतो असं नाही. रजा मिळत नाही, घरी सांभाळायला कोणी नसतं, आणि मुख्य म्हणजे साधी सर्दी कुठली आणि काळजीचं दुखणं कुठलं हे नेमकं कसं ओळखायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. शाळेत पसरणारे नेहमीचे आजार संख्येने फार नाहीत. त्यांची ओळख करून घेतली तर सकाळचा हा निर्णय बराच सोपा होतो.

शाळेतच का पसरतात?

एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं, एका बाकावर दोन किंवा तीन, आणि सलग पाच-सहा तास. पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या लावलेल्या. पेन्सिल तोंडात, बोट नाकात, आणि हात धुवायचा तर नळाशी रांग. शिवाय लहान मुलांच्या शरीराची अनेक विषाणूंशी ही पहिलीच गाठ असते. मोठ्या माणसाला पूर्वी होऊन गेलेल्या आजारांची प्रतिकारशक्ती असते, मुलाला ती अजून मिळवायची असते. त्यामुळे शाळेच्या किंवा बालवाडीच्या पहिल्या वर्षांत मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे दुबळेपणाचं लक्षण नाही. वजन वाढत असेल, मधल्या दिवसांत मूल खेळत-खात असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

खरी अडचण वेगळी आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. फ्लूमध्ये तो एक ते चार दिवसांचा, कांजिण्यांमध्ये १० ते २१ दिवसांचा, तर पाण्यातून होणाऱ्या ‘अ’ प्रकारच्या काविळीत १५ ते ५० दिवसांचा असतो. आणि यातले बरेच आजार लक्षणं स्पष्ट होण्याच्या आधीपासूनच दुसऱ्याला लागतात. कांजिण्यांचा पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी मूल वर्गात विषाणू पसरवत असतं. म्हणूनच आजारी मुलाला घरी ठेवणं आवश्यक असलं तरी तेवढ्याने भागत नाही. सगळे निरोगी दिसत असतानाही हात धुणं, खिडक्या उघड्या ठेवणं आणि लस वेळेवर घेणं हे चालूच राहावं लागतं.

ताप आणि पुरळ

तापाबरोबर अंगावर पुरळ दिसलं की घरात पहिला शब्द निघतो तो ‘गोवर’ किंवा ‘कांजिण्या’. या दोन्हींत फरक करता येतो.

गोवरची सुरुवात पुरळापासून होत नाही. आधी तीन-चार दिवस चढता ताप, कोरडा खोकला, वाहतं नाक आणि लाल, पाणावलेले डोळे असतात. मग कानामागे आणि कपाळावर सपाट लाल पुरळ उठतं आणि तिथून खाली छाती, पोट, पाय असं उतरत जातं. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत गोवर दुसऱ्याला लागतो. हा माणसाला होणाऱ्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत टिकू शकतो, आणि लस न घेतलेले दहाजण निकट संपर्कात आले तर त्यांपैकी नऊजणांना लागण होऊ शकते.

गोवर ‘निघून जातो’ हा समज घातक आहे. न्यूमोनिया, जुलाब, कानाचा संसर्ग आणि क्वचित मेंदूची सूज हे त्याचे परिणाम आहेत. शिवाय पूर्वी झालेल्या आजारांविरुद्ध शरीराने साठवलेली स्मृती गोवरचा विषाणू पुसून टाकतो, त्यामुळे पुढचे कित्येक महिने मूल इतर आजारांना सहज बळी पडतं. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवरची साथ आली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण आढळले, काही मुलं दगावली. करोनाच्या काळात राहून गेलेलं लसीकरण हे त्यामागचं मोठं कारण होतं. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिने आणि १६ ते २४ महिने अशा दोन वेळा मोफत दिली जाते. समाजात ही साथ रोखायची तर ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळायला हव्यात. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रा देतात, त्याने डोळ्यांचं आणि जिवाचं रक्षण होतं.

कांजिण्यांमध्ये ताप आणि पुरळ जवळजवळ बरोबरच येतात. आधी लाल ठिपका, मग पाण्याने भरलेला फोड, मग खपली. नवीन फोड लाटेसारखे येत राहतात, त्यामुळे पोटा-पाठीवर ठिपके, फोड आणि खपल्या एकाच वेळी दिसतात. ही कांजिण्यांची खूण. खाज सुटते, नखं लागली की फोड चिघळतात आणि व्रण राहतात, म्हणून नखं बारीक कापावीत. शेवटचा फोड खपलीने झाकला जाईपर्यंत मूल घरीच असावं. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कांजिण्या किंवा फ्लू असताना मुलाला ॲस्पिरिन देऊ नये, त्याने यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा एक दुर्मीळ पण गंभीर विकार होऊ शकतो. घरात गरोदर स्त्री, नवजात बाळ किंवा कर्करोगाचे उपचार घेणारी व्यक्ती असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावं.

‘देवी आल्या’, ‘आई आली’ म्हणत अजूनही काही घरांत डॉक्टरकडे जाणं टाळलं जातं. देवी हा रोग जगातून नाहीसा झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये जाहीर केलं. आज दिसतात त्या कांजिण्या किंवा गोवर. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायला कोणाची हरकत नाही, पण मुलाची आंघोळ बंद करणं, खाणं तोडणं आणि औषध थांबवणं यांनी अपाय होतो.

तिसरा पुरळाचा आजार बालवाडीत आणि पहिली-दुसरीत जास्त दिसतो. तोंडात दुखरे छाले, तळहात, तळपाय आणि कधी ढुंगणावर बारीक फोड, हलका ताप, आणि मूल घास घ्यायला नकार देतं. याला इंग्रजी नावावरून ‘हँड फूट माउथ’ म्हणतात. कॉक्ससॅकी गटातले विषाणू त्याला कारणीभूत असतात. गुरांच्या लाळ्या-खुरकताशी त्याचा काही संबंध नाही. गावाकडच्या पालकांनी गोठ्यातून मुलाला आजार लागला अशी भीती बाळगू नये. २०२२ मध्ये केरळमधून ‘टोमॅटो फ्लू’ची बातमी आली आणि घबराट पसरली, तोही याच आजाराचा प्रकार मानला गेला. बहुतेक मुलं आठवडा-दहा दिवसांत बरी होतात. गार दूध, ताक, मऊ भात, पेज असं काही देत राहावं, कारण छाल्यांमुळे पाणी न पिणं हाच यातला मोठा धोका असतो. काही मुलांची नखं महिन्याभराने सुटून येतात. पाहून धस्स होतं, पण नवी नखं येतात. विषाणू मात्र शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून मूल बरं झाल्यावरही शौचानंतर साबणाने हात धुण्याला सुटी नाही.

सुजलेला गाल, दुखरा घसा

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर सूज, चावताना किंवा आंबट खाताना कळ आणि ताप असला की ते बहुधा गालगुंड असतं. सूज दिसल्यापासून पाच दिवस मुलाला घरी ठेवावं. डोकं खूप दुखणं, उलट्या, ऐकू कमी येणं किंवा वयात आलेल्या मुलाच्या वृषणात दुखणं सुरू झालं तर लगेच दाखवावं. सरकारी कार्यक्रमातल्या लशीत गोवर आणि रुबेला आहेत, गालगुंड नाही. गालगुंडाचा समावेश असलेली एमएमआर लस बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. आपल्या मुलाला यांपैकी कोणती लस मिळाली आहे हे लसीकरण कार्डावर पाहून ठेवणं चांगलं.

घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि आपोआप जाते. पण पाच ते पंधरा वयाच्या मुलाला अचानक ताप, गिळताना तीव्र दुखणं, गळ्यात दुखऱ्या गाठी आहेत आणि सर्दी-खोकला मात्र नाही, अशा वेळी घशात स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू असण्याची शक्यता असते. तिकडे दुर्लक्ष झालं तर दोन-चार आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या अधू होऊ शकतात. भारतात अशा हृदयविकाराचे रुग्ण अजूनही आढळतात. डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक पूर्ण दिवस घेतलं तर हे टळतं. दोन दिवसांत घसा बरा वाटला म्हणून गोळ्या बंद करणं इथे महागात पडतं.

घशात राखाडी पडदा, घोगरा आवाज आणि मानेला सूज म्हणजे घटसर्प असू शकतो. तो आता क्वचित दिसतो, पण दिसला तर तास न घालवता रुग्णालय गाठावं लागतं. त्याच्या लशीचा परिणाम वाढत्या वयात ओसरतो, म्हणून पाच-सहा वर्षांची वर्धक मात्रा आणि १० व १६ वर्षांच्या टीडी मात्रा चुकवू नयेत. शाळकरी वयातल्या याच मात्रा सर्वांत जास्त विसरल्या जातात.

डोळे आले

२०२३च्या पावसाळ्यात आळंदी आणि पुणे परिसरातून डोळ्यांची साथ बातम्यांत आली आणि पाहता पाहता राज्यभर पसरली. शाळांमध्ये बाकामागे बाक रिकामे झाले. अशा साथीत बहुतेक वेळा अ‍ॅडेनोव्हायरस किंवा त्यासारखा विषाणू असतो. डोळा लाल होतो, टोचल्यासारखं वाटतं, पाणी येतं, सकाळी पापण्या चिकटतात.

आलेल्या डोळ्यांकडे नुसतं पाहिल्याने डोळे येत नाहीत. विषाणू हातावरून, टॉवेलवरून, उशीवरून, बाकावरून पोहोचतो. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, पण दुसऱ्याचं रक्षण करत नाही. मुलाचा टॉवेल आणि रुमाल वेगळा ठेवणं, डोळे पुसल्यावर हात धुणं आणि स्राव थांबेपर्यंत घरी राहणं हाच उपाय. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि चुकीच्या आजारात ते बुबुळाला इजा करू शकतं. नजर धूसर होणं, उजेड अजिबात सहन न होणं किंवा तीव्र वेदना असल्यास नेत्रतज्ज्ञांकडेच जावं.

सर्दी की फ्लू?

सर्दी हळूहळू येते, फ्लू एकदम आदळतो. दुपारी खेळणारं मूल संध्याकाळी थंडी वाजून तापाने फणफणतं, अंग-डोकं दुखतं, कोरडा खोकला लागतो. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. तो या साथीतला देशातला पहिला बळी होता. त्यानंतर शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तोच एच१एन१ विषाणू आता नेहमीच्या हंगामी फ्लूचा भाग झाला आहे. बहुतेक मुलं विश्रांती आणि भरपूर पातळ पदार्थांवर बरी होतात. मात्र दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या मुलांना पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवावं, कारण फ्लूचं औषध लवकर सुरू केलं तरच नीट उपयोगी पडतं. अशा मुलांसाठी दरवर्षीची फ्लूची लसही विचारात घ्यावी.

डेंग्यूचाही ताप याच दिवसांत येतो. तो एका मुलाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही, पण त्याचा एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे ऐन शाळेच्या वेळात. गच्चीवरची उघडी टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि मैदानाच्या कोपऱ्यातले जुने टायर आठवड्यातून एकदा तपासणं हेही शाळेचं काम ठरतं.

पाण्यातून पोटात

पावसाळ्यात जुलाब, विषमज्वर आणि कावीळ या तिन्हींचा रस्ता एकच असतो. दूषित पाणी किंवा न धुतलेले हात. जुलाब सुरू झाल्या क्षणापासून क्षारसंजीवनी द्यावी. एक मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं. थोड्या पाण्यात थोडी पूड हा हिशेब चुकतो आणि मिश्रण जास्त खारट होतं. तेच पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकायचं.

‘अ’ प्रकारच्या काविळीत मुलाचे डोळे पिवळे दिसतात त्याच्या एक-दोन आठवडे आधी विषाणू सर्वांत जास्त प्रमाणात बाहेर पडत असतो. भूक मरणं, मळमळ, उजव्या कुशीत दुखणं आणि गडद लघवी ही आधीची लक्षणं. लहान मुलांत तर कधी डोळे पिवळे होतही नाहीत. गळ्यात माळ घालून किंवा मंत्राने उतरवून कावीळ जाते असं वाटतं, कारण बहुतेक मुलं काही आठवड्यांत आपोआपच बरी होतात. पण मूल गुंगीत जाऊ लागलं, बरळू लागलं किंवा रक्तस्राव दिसला तर यकृत निकामी होत असल्याची ती खूण असते आणि माळेची वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो.

विषमज्वराविरुद्ध आता परिणामकारक लस उपलब्ध आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये सार्वजनिक मोहीम घेऊन मुलांना ती दिली, देशातला असा तो पहिलाच प्रयत्न होता. लस असली तरी पाण्याची जागा ती घेत नाही. गावांत टाकीत टीसीएल पावडर टाकतात आणि ओटी चाचणीत पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजतं. ही चाचणी पाणीपुरवठ्याच्या टाकीपाशी न थांबता शाळेच्या नळापाशीही व्हायला हवी. मुलं तेच पाणी पितात.

खाज आणि उवा

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ आणि घरात आणखी कोणाला तरी तसंच होत असेल तर ती खरूज असते. त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे ती होते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर ती घरभर पोहोचलेली असते. म्हणून एकट्या मुलाला मलम लावून उपयोग नाही. घरातल्या सर्वांनी एकाच रात्री डॉक्टरांनी दिलेलं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावावं, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवाव्यात आणि आठवड्याने पुन्हा हेच करावं.

गजकर्णावर मित्राने सांगितलेलं किंवा दुकानदाराने दिलेलं ‘झटपट’ मलम लावू नये. स्टेरॉइड असलेल्या अशा मिश्र मलमांनी खाज लगेच थांबते, पण बुरशी आत पसरते आणि मग महिनोन्‌महिने हटत नाही.

उवांचं दुखणं शरीराला कमी आणि मनाला जास्त होतं. उवा उडी मारत नाहीत, त्या डोक्याला डोकं लागल्याने जातात, आणि स्वच्छ केसांतही होतात. त्यासाठी मुलीला वर्गाबाहेर बसवणं, तिचे केस सर्वांसमोर तपासणं किंवा तिला घरी पाठवणं याला वैद्यकीय आधार नाही. औषध लावून, ओल्या केसांत बारीक फणी फिरवून, लिखांतून नव्या उवा निघतात म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा तेच करायचं, इतकंच.

घरी किती दिवस?

आजारानुसार साधारण नियम असे आहेत.

– नुसती सर्दी, ताप नाही, मूल खेळतं-खातं आहे: शाळेत जाऊ शकतं, सोबत रुमाल द्यावा.
– ताप: औषध न देता सलग २४ तास ताप नसेल तेव्हाच शाळा. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप.
– जुलाब-उलट्या: थांबल्यानंतर ४८ तासांपर्यंत घरी.
– गोवर: पुरळ उठल्यापासून किमान ४ दिवस.
– कांजिण्या: सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, बहुधा आठवडाभर.
– गालगुंड: सूज दिसल्यापासून ५ दिवस.
– हात-पाय-तोंडाचा आजार: ताप जाऊन फोड सुकेपर्यंत.
– जिवाणूंमुळे झालेली घसादुखी: प्रतिजैविक सुरू करून २४ तास झाल्यावर, ताप नसेल तर.
– डोळे येणे: पाणी आणि चिपडं थांबेपर्यंत.
– कावीळ: डोळे पिवळे दिसल्यापासून किमान एक आठवडा.
– खरूज: पहिला उपचार पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून शाळा.
– उवा: घरी ठेवण्याची गरज नाही.

श्वास लागणं किंवा छाती आत ओढली जाणं, मूल जागं करूनही गुंगीत असणं, झटका येणं, मान ताठ होणं, काहीच न पिणं, सहा-आठ तास लघवी न होणं, किंवा दाबूनही न फिकटणारे जांभळे डाग अंगावर दिसणं, यांपैकी एक जरी लक्षण असलं तरी तडक रुग्णालयात न्यावं.

शाळेच्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट साबण. अनेक शाळांत नळ असतो, पाणी असतं, पण साबण मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो, कारण बाहेर ठेवला की नाहीसा होतो. जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधलेला साबण किंवा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत साबणाचं पाणी, हा खर्च अगदी किरकोळ आहे. पोषण आहाराआधी आणि स्वच्छतागृहानंतर किमान वीस सेकंद हात चोळून धुणं हे सवयीने होतं, भिंतीवरच्या फलकाने होत नाही. शिक्षकही रांगेत उभे राहून हात धुतात त्या शाळेत मुलांना सांगावं लागत नाही. सॅनिटायझर हा पर्याय साबणाइतका चांगला नाही. जुलाब, हात-पाय-तोंडाचा आजार आणि डोळ्यांची साथ घडवणारे बरेच विषाणू त्याला फारशी दाद देत नाहीत.

दुसरी गोष्ट हवा. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या राहिल्या तरी वर्गातली हवा खेळती राहते. तिसरी गोष्ट स्वयंपाकघर. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना जुलाब किंवा कावीळ असेल तर त्या दिवशी त्यांनी हंडीला हात लावू नये, पण त्यासाठी त्यांचं मानधन कापलं जाणार नाही याची खात्री त्यांना हवी. नाहीतर त्या आजार लपवून येतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हजेरीपट. एकाच वर्गातली तीन-चार मुलं एका आठवड्यात गैरहजर राहिली तर कारण विचारणारा एक फोन साथीची पहिली सूचना देऊ शकतो. ताप आणि पुरळ असलेलं एक जरी मूल आढळलं तरी आरोग्यसेविकेला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांमध्ये वर्षातून एकदा तपासणीला येतात. ती वर्षातून एकदाच येतात. उरलेले दिवस मुलांकडे रोज पाहणारी व्यक्ती म्हणजे वर्गशिक्षक. त्यांनी निदान करायचं नाही, फक्त कालच्यापेक्षा आज हे मूल वेगळं दिसतं आहे हे ओळखायचं आहे. पहिलीच्या प्रवेशावेळी जन्मदाखल्याबरोबर लसीकरण कार्डही पाहिलं, तर राहिलेल्या मात्रा वेळीच लक्षात येतात.

आणि पाचवी गोष्ट बक्षिसाची. वर्षाअखेर शंभर टक्के हजेरीसाठी प्रमाणपत्र देण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. हेतू चांगला आहे, पण त्या प्रमाणपत्रासाठी तापातही रडून शाळेत जाणारी मुलं असतात. आजारपणाची रजा त्यातून वगळली, आजारी मुलाची घटक चाचणी नंतर घेण्याची सोय ठेवली आणि तसं जूनच्या पालकसभेतच सांगितलं, तर सकाळी साडेसहाला त्या आईवरचं एक ओझं उतरतं. दुसरं ओझं रजेचं असतं. ते शाळेला उतरवता येत नाही. पण एकाच चाळीतल्या, एकाच सोसायटीतल्या तीन-चार घरांनी आधीच बोलून ठेवलं, कोणाची आजी, कोणाची काकू दुपारी घरी असते हे ठरवून ठेवलं, तर ऐनवेळची धावपळ टळते.

त्यासाठी घरात एकच वस्तू आणावी लागते. चालू स्थितीतला थर्मामीटर, आणि तो डब्यांच्या फडताळातच ठेवावा. कपाळावरचा हात चुकू शकतो, पारा किंवा आकडा चुकत नाही. आकडा १००.४च्या वर गेला तर डबा भरायचा, पण रिक्षावाल्या काकांना आज येऊ नका म्हणून सांगायचं. डबा मूल घरीच खाईल.